सतरा शेवटची पानं

३ मार्च

प्रिय शिक्क्या,

सप्रेम नमस्कार. गुडघे सोडले तर आम्ही खुशाल आहोत. तूही तब्येत सांभाळून असशील. अठ्ठावीस वर्षांनी माझं अक्षर पाहून तू पाकीट न फोडताच बाजूला टाकणार होतास, हे मला ठाऊक आहे. फोडलंस, त्याबद्दल आभार. पत्ता मुलीनं शोधून दिला. तुझे शिक्के अजून वाकडेच पडतात का रे? लायब्ररीच्या काउंटरवर तू तारीख मारलीस की पुस्तक परत कधी करायचं ते वाचायला लोकांना मान तिरपी करावी लागायची.

नवल सांगतो, मी लेखक झालो. हसू नकोस. बासष्टाव्या वर्षी पहिली रहस्यकादंबरी लिहिली, ती छापलीही गेली. आता तिसरी चालू आहे. शाळा माझी सातवीपर्यंत. बाकी शिकलो ते बायंडिंगच्या टेबलावर. रहस्यकथा बांधायला यायच्या आणि नेमकं शेवटचं पान कुणीतरी कापून नेलेलं असायचं. खुनी कोण, ते मग मलाच ठरवावं लागे. शनिवारी पुस्तकं घरी न्यायचो, रविवारी शिवायला घेतली की पान गेलेलं दिसायचं, आणि शिवता शिवता तुझ्या वहिनीला माझा शेवट रंगवून सांगायचो. तेच माझं कॉलेज.

आता मुद्द्यावर येतो. गेल्या मंगळवारी टपालानं एक पुडकं आलं. पाठवणाऱ्याचं नाव नाही, चिठ्ठी नाही. आत सतरा पानं. सगळी शेवटची. सगळी आपल्या लायब्ररीची.

आठ दिवस मी त्या पुडक्याभोवती फिरतोय. वहिनी तुझी म्हणते, "अहो, किती हुंगाल? ठेवा कपाटात." आत काय आहे हे तिनं विचारलंसुद्धा नाही. चहा ठेवून गेली.

मी आता सराईत संशयी झालोय, धंदाच तो. पत्ता पट्टी धरून काढलेल्या छापील अक्षरांत आहे. म्हणजे अक्षर ओळखेन अशी भीती. वरचा खाकी कागद कोपऱ्यात दुहेरी दुमडलेला आहे, आणि ती घडी माझी आहे. आयुष्यात मी ती दोघांनाच शिकवली. त्यातला एक तू.

नवी कादंबरी याच पानांवर आहे. तीत चोर निघतो तो काउंटरवरचा कारकून. तुझं नाव घातलेलं नाही. पण दहावं प्रकरण संपलं आणि आठवड्यात पुडकं हजर? ते प्रकरण मी घराबाहेर कुणाला दाखवलेलं नाही. घरात तेवढं मोठ्यानं वाचतो.

तेव्हा सरळ विचारतो. तूच पाठवलंस ना? डिवचायला? तू गेलास आणि पानं जायची थांबली, हे सगळ्यांनी पाहिलं. याचा अर्थ काय, तूच सांग. आणि एक मात्र छातीवर हात ठेवून सांगतो: लायब्ररीच्या साहेबांनी पानांबद्दल विचारलं तेव्हा मी तुझं नाव घेतलं नव्हतं.

हस्तलिखित महिनाअखेरीस प्रकाशकाकडे जायचंय. त्याआधी उत्तर दे.

तुझा,
खळ्या


२१ मार्च

प्रिय शिक्क्या,

नमस्कार लिहायला हात धजत नाही, तरी लिहितो. नमस्कार.

तुझं कार्ड मिळालं. एकच ओळ: "खळ्या, आधी हे अक्षर बघ आणि मग पानांच्या कडा बघ."

अक्षर पाहिलं. प्रत्येक काना थरथरलेला. तेव्हापासूनच तुझा हात असा, म्हणूनच तर शिक्के वाकडे. मग सतरा पानं खिडकीशी नेऊन ओळीनं मांडली. सतराही कडा दोरी लावल्यासारख्या सरळ. आणि प्रत्येक कडेला, खालून दोन बोटांवर, केसाएवढं दातरं. माझ्या जुन्या सुरीला टोकाजवळ खाच होती, तुला आठवत असेल. ती सुरी मी कुणाला हात लावू देत नसे. लायब्ररीत माझ्या खिशात, शनिवार-रविवार घरी टेबलावर.

घडी शिकवलेली दुसरी व्यक्ती कोण, हे मागच्या पत्रात मी लिहिलं नव्हतं. लिहिताना पेन तिथं अडलं होतं, खरं सांगतो.

वहिनी तुझी गवार मोडत बसली होती. मी पानं पुढ्यात ठेवली. म्हणालो, "ही तू कापलीस?"

मान वर न करता म्हणाली, "ओळखायला तीन आठवडे लागले? आणि म्हणे रहस्यकथा लिहिता!"

"पण का?"

"पान गेलेलं पुस्तक असलं की तुम्ही बोलायचात. तासन्‌तास. एरवी तोंडाला खळ लावल्यासारखे गप्प. मी आधी शेवट वाचायची, मग कापायची, मग तुमचा ऐकायची. छापलेल्यापेक्षा तुमचा नेहमी बरा असायचा."

मला हसू आलं, शिक्क्या. मग तिनं शेंगा बाजूला सारल्या.

"ते दहावं प्रकरण वाचलंत ना तुम्ही, तेव्हा मला कळलं. भावजींना त्या पानांपायी काढलं होतं? तुम्ही तर म्हणाला होतात, त्यांना दुसरीकडे चांगली जागा मिळाली!"

असं म्हणालो होतो मी. तिला काही ठाऊकच नव्हतं. कळल्यावर तोंडानं सांगायचा धीर झाला नाही, म्हणून पुडकं केलं आणि चौकातल्या पेटीत टाकलं. तू गेल्यावर पानं का थांबली, तेही आता उघड आहे. मी पुस्तकं घरी आणणंच सोडलं होतं.

का सोडलं, हे तिनं विचारलं. तिला सांगितलं ते तुला सांगतो.

साहेबांनी मला आत बोलावलं. म्हणाले, "पुस्तकं तुम्हा दोघांच्याच हातांतून जातात. तुम्हाला काय वाटतं?" टेबलावर एक पुस्तक उघडं होतं. डाव्या बाजूला तुझा वाकडा शिक्का, उजव्या बाजूला ती सरळ कड. दोन्ही शेजारी शेजारी. हे तुझं काम असूच शकत नाही, हे मला त्याच क्षणी दिसलं, आणि पुढं मी ते स्वतःपासूनही लपवत आलो. पण सरळ कापणारा हात तिथं एकच होता, माझा. मी घाबरलो. म्हणालो, "साहेब, मी तर बांधणारा माणूस." एवढं बोललो आणि खाली बघितलं.

नाव घेतलं नाही, हे खरंच. घ्यावं लागलं नाही. तुला काढलं, आणि त्यानंतर लायब्ररीचं एकही पुस्तक मला घरी नेववलं नाही.

हिनं सतरा पानं कापली ती माझा आवाज ऐकायला. मी मात्र जिथं बोलायचं तिथंच आवाज गिळला.

लायब्ररीला काल पत्र पाठवलं. पानं कुणी कापली आणि मी काय पाहून गप्प राहिलो, सगळं लिहून खाली सही केली आहे. त्याची प्रत सोबत आहे. तुझ्या घरच्यांना दाखव, शेजाऱ्यांना दाखव, कुणाला हवी त्याला दाखव.

हस्तलिखितही सोबत आहे. दहावं प्रकरण नव्यानं लिहिलंय. कारकून आता निर्दोष आहे आणि बायंडर त्याच्या दारात येऊन उभा आहे. प्रकाशकाला कळवलंय, हे पुस्तक थांबेल. पुडक्याची घडी वहिनीनं घातली आहे. ती यायचं म्हणते, तुला भेटायला. मी म्हटलं, आधी विचारू.

शेवटचं पान मी लिहिलेलं नाही. आजवर कुणाचंही गेलेलं पान मी बेधडक माझ्या मनानं भरलं. हे मात्र भरणार नाही. दार उघडतं की नाही, ते तू लिही. अक्षर कसंही येऊ दे, मला ते वाचता येतं. अठ्ठावीस वर्षांपूर्वीही येत होतं.

बांधणारा म्हणवून सुटलेला,
खळ्या