समुद्राची मनाई

बाबा, मी चौथ्यांदा गाडीतून उतरलो आणि पुन्हा आत येऊन बसलोय. राजुऱ्याहून निघून दोन दिवस झाले. आईला समुद्र दाखवायला कोकणातल्या या लहानशा मासेमारीच्या गावात थांबलो. वारा इतका, की दोरीवर वाळत घातलेले बोंबील एकमेकांवर आपटताहेत. आई आधी उतरायलाच तयार नव्हती. काचा वर, कानांवर शाल. का, म्हणून विचारलं, तर म्हणाली, "तुह्या बाबाले डाक्टरनं मना केलं होतं ना. त्यांनी नाई पाह्यला, मी काऊन पाहू?"

माजरीच्या खाणीतून तुम्ही रिटायर झालात त्या हिवाळ्यात, स्वयंपाकघरात पाटावर बसून, तुम्ही मला आयुष्यात एकदाच काही मागितलंत. समुद्र. माझी नोकरी नवी होती आणि सुट्ट्या मित्रांबरोबर गोव्याला जायला राखून ठेवल्या होत्या. मी म्हटलं, कोळशानं भरलेल्या छातीला खारा वारा चालत नाही, डॉक्टरांनीच सांगितलंय. डॉक्टर असं काही बोललेच नव्हते. रिपोर्ट आणायला मी एकटा गेलो होतो, एवढंच. तुम्ही नुसता विश्वास ठेवला असता तरी चाललं असतं, पण तुम्ही पथ्य पाळलंत. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कूलरचाही ओला वारा छातीला नको म्हणून त्याच्यासमोरून खाट बाजूला ओढायचात, आणि शेजाऱ्यांना कौतुकानं सांगायचात, पोरगा डाक्टरले इचारून आला. असे सहा उन्हाळे, तुम्ही जाईपर्यंत.

टोपली घेऊन चाललेली एक कोळीण काचेशी वाकली. "आजी, पिक्चर बघतेस काय आत बसून? उतर की." आई हसली, पण दार उघडलं नाही. तेव्हा ठरवलं, आता खरं सांगायचं. वळसा घालून तिच्या बाजूला गेलो, दार उघडलं, आणि तोंडातून निघालं ते वेगळंच. "आई, तो डाक्टर चुकला होता. मी मागून दुसऱ्याले विचारलं."

तिनं कानांवरची शाल सोडली. मग उतरली. "त्या मुर्द्यानं माह्या माणसाले सहा उन्हाळे उकाड्यात झोपवलं," म्हणाली, आणि पाण्यापर्यंत त्याला शिव्या घालतच गेली. तिच्या चपला हातात घेऊन मी मागे. घोटे भिजले तशी खुदकन हसली, मग पुन्हा शिव्या सुरू.

ती अजून तिथेच उभी आहे. हा कागद कुठल्याच टपालात टाकायचा नाही, हे मला ठाऊक आहे, म्हणून लिहितो. त्या निरपराध डॉक्टरवर मी आज दुसऱ्यांदा माझा दोष ढकलला. त्याची लाज वाटतेय का, हे मघापासून तपासतोय. पण बाबा, ती त्याला शिव्या देत होती, तेव्हा मला बरं वाटत होतं.