सातव्याचं नाव

उर्झाल, मार्च १९६९

चिरंजीव जानुआरियो यास पेर्पेतुआ आत्याचे पोटभर आशीर्वाद.

तू खुशाल असशील, फ्रान्समध्ये विटा वाहून तुझी पाठ अजून सरळ असेल आणि मी पाठवलेले लोकरीचे मोजे तू कुणाच्या गळ्यात मारले नसशील, अशी आशा करते. इकडे सगळे आपापल्या जागी आहेत. (असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं.) डुकरीण अंगाने सुटली आहे, माझा गुडघा सुजला आहे. हे पत्र टपालात टाकलेलं नाही. सीमेपलीकडे चोरून कॉफी नेणाऱ्या लेओकादियाच्या झग्याच्या अस्तरात शिवून पाठवते आहे, तेव्हा मोकळेपणाने लिहिते. कागदाला घामाचा वास आला तर तो तिचा, माझा नव्हे.

तर बातमी ही की तुला भाऊ झाला. हो, या वयात! तुझ्या आईने त्रेचाळिसावं ओलांडलं, आम्ही समजत होतो दुकान बंद झालं. पण शुक्रवारी दुपारी, मी चुलीवर कोबीचं सूप ढवळत असताना, हा आला. मुलगाच. मी बोटं मोजली. पहिला तू, मग ते पाच टोणगे, आणि हा. सातवा! मध्ये एकही पोरगी नाही. माझ्या हातातला डाव सुपात पडला तो अजून नीट धुतलेला नाही.

सातव्याचं काय होतं ते तुला सांगायला नको. मोठा झाला की शुक्रवारी अंगावर केस येणार, आणि लांडगा होऊन गावोगाव हिंडणार. उपायही तुला ठाऊक आहे : नाव बेंतो ठेवायचं, आणि बाप्तिस्म्याला धर्मबाप म्हणून सख्ख्या थोरल्या भावाने उभं राहायचं. इतकं सोपं. पण त्यासाठी तुझ्या बापाला आधी सातपर्यंत मोजता यायला हवं ना! तू अंगोलाच्या लढाईला न जाता पळालास त्या दिवसापासून आमारोची मोजणी पाचावर थांबते. तुझा सुपाचा वाडगा त्याने फळीवरून काढून कोंबड्यांना पाणी प्यायला ठेवला. त्या शनिवारी मला म्हणाला, "मला पाच पोरं. हा सहावा. सहाव्याचा कधी लांडगा झालेला ऐकलायस?" आणि आत तुझी आई ग्रासिंदा, बाळंतपणाचा ताप चढलेला, भिंतीकडे तोंड करून एकच म्हणत होती, "बेंतो. आणि धर्मबाप जानुआरियो." दोघांच्या मध्ये मी, हातात दुधाची वाटी घेऊन. माझं कोण ऐकतो?

मग आमारो पाद्रीबाबांकडे गेला, नावांच्या पुस्तकातून दुसरं काही चांगलं बघा म्हणून. (पाद्रीबाबा एउजेनियो. नावाचा अर्थ थोर कुळातला. त्यांचा बाप डुकरं खच्ची करायचा, ते सोड.) बाबांनी सगळे अर्थ वाचून दाखवले. प्लासिदो म्हणजे शांत. आमारो म्हणाला, आमच्या प्लासिदोकाकाने तीन खुर्च्या बायकोच्या पाठीत मोडल्या. इनोसेंसियो म्हणजे निष्पाप. तो गेली चार वर्षं तुरुंगात आहे. फेलिसिदादे म्हणजे सुख, आणि ती बिचारी लग्नापासून रडते आहे. पेर्पेतुआ म्हणजे कायमची टिकणारी. (माझ्या मळ्यावर डोळा ठेवून बसलेल्यांना हा अर्थ चांगला कळला आहे.) शेवटी वितोरिनो ठरलं, म्हणजे विजयी. कुणावर विजय, ते बाबांनी विचारलं नाही. चर्च लांडग्याबिंडग्याला मानत नाही, असं मात्र त्यांनी बजावून सांगितलं, आणि सांगता सांगता छातीवर क्रूस काढला.

दुसऱ्या दिवशी आमारो गाढवावर बसून शहरात नोंदणी कचेरीत गेला. तिथल्या कारकुनाने विचारलं, कितवा मुलगा? हा म्हणाला, सहावा. कारकुनाने जुनी वही काढली. सहा आधीच लिहिलेले. म्हणाला, "हा सातवा." हा म्हणाला, "पहिला खोडून टाका." त्यावर तो चष्मेवाला गंभीरपणे म्हणतो कसा, "खोडता येत नाही. मेला असेल तर मेल्याचा दाखला आणा." मेल्याचं नाव घ्यायला जीभ कशी रेटली त्याची! आमारो वितोरिनो नाव न नोंदवताच परत आला. येताना वाटेत गाढवाशीही बोलला नाही म्हणे.

त्यातच सरकारी गार्ड आले, लढाईतून पळालेला म्हणून तुझी चौकशी करत. दुसऱ्यांदा. आमारो दारातच उभा राहिला आणि म्हणाला, त्या नावाचा पोरगा मला नाहीच. गार्ड हसले, वहीत काहीतरी लिहून निघून गेले. मी मागे चुलीपाशी होते. मला राग आला, मी पाठीमागून म्हटलं, "लाज नाही वाटत?" त्याने मान वळवली नाही. पण गार्ड वळणाआड होईपर्यंत तो दाराची चौकट धरून तिथेच उभा राहिला, ते मी पाहिलं. तेव्हापासून मला नक्की सांगता येत नाही की तो तुला मोजत नाही की तुला लपवतो आहे. त्याला तरी सांगता येतं की नाही, देव जाणे.

तोवर पोर बिननावाचंच. बापासमोर भाऊ त्याला "सहावा" म्हणतात, पाठीमागे "सातवा". ते दोन्हींना ओ देतं, म्हणजे रडतं. अंगावर केस नाहीत. मी रोज बघते.

तब्येत सांभाळ. गोड बोलणाऱ्या फ्रेंच पोरींपासून आणि थंडीपासून जप.

तुझी आत्या,
पेर्पेतुआ

ता. क. डुकरीण सुटली आहे असं वर लिहिलं, ते खोटं. तिला मागच्या बुधवारी कापली. इतक्या माणसांना जेवू घालायचं होतं.

ता. क. माणसं कशासाठी जमली ते लिहायला मी चार पानं टाळाटाळ केली. जानू, ग्रासिंदा गेली रे. मंगळवारी सकाळी. ताप उतरलाच नाही. शेवटपर्यंत शुद्धीत होती आणि बोटांवर मोजत होती. तुझ्यापासून सुरू करायची. तू येशील म्हणून गार्ड दफनाच्या वेळी दफनभूमीच्या फाटकाशी उभे होते. तेव्हा येऊ नकोस. माझ्या गळ्याची शपथ आहे, येऊ नकोस.

ता. क. गुरुवारी आमारो पुन्हा त्या कचेरीत गेला, मी बरोबर होते, पोर माझ्या मांडीवर. कारकुनाने ओळखलं, विचारलं, दाखला आणलात? आमारोने टोपी काढली, खिशातून मेल्याचा दाखला काढून टेबलावर ठेवला. त्यावर नाव तुझ्या आईचं होतं.  कारकुनाने जन्मांची वही उघडून हळूच विचारलं, मुलगा कितवा? "सातवा," आमारो म्हणाला. "बेंतो." मग अंगठा उठवला, तोही वाकडा. घरी येऊन त्याने कोंबड्यांकडून वाडगा परत घेतला, राख लावून घासला, फळीवर पहिला ठेवला.

ता. क. आता खरं काम. बाप्तिस्मा ईस्टरनंतरच्या रविवारी आहे. धर्मबाप गावात नसेल तर त्याच्या हातच्या दोन ओळी पुरतात, तुझ्या जागी मी उभी राहीन. बाबा तयार आहेत. लेओकादिया परत निघेल तेव्हा तिच्यापाशी त्या दोन ओळी दे. आणि वेगळ्या कागदावर बापालाही काहीतरी लिही. त्याला अक्षर येत नाही, वाचून मीच दाखवणार. शिव्या घातल्यास तरी मी दुसरंच वाचेन. काहीच सुचलं नाही तर कोरा कागद पाठव, जानू. तोही मी वाचून दाखवीन.