जॅरडच्या नावाला कोण उठणार?

हॅझल फोर्क, केंटकी
१४ मे २०२३

प्रिय ट्वायला,

तू बरी असशील अशी आशा आहे. ओहायोच्या हवेत तुझ्या गुडघ्यांना जरा उतार पडला का? इथे आम्ही आहोत तसेच आहोत. डेन्व्हरने खाण सोडली, पण खाणीचा खोकला काही त्याला सोडत नाही. घेवडा दोनदा पेरावा लागला, पहिला हरणांनी फस्त केला. डेन्व्हर म्हणतो, "ग्लेना, तुझ्या हातचं हरणांना बरं आवडतं!" दोन वाट्या चापून वर हे बोलतो.

अठ्ठावीस तारखेला आपला फुलांचा रविवार. टेकडीवर गवत माजलंय. खोऱ्यातली सगळी घरं कुदळी घेऊन वर येतील, कबरी साफ करतील, फुलं वाहतील आणि मग झाडाखाली जेवणं. मी वाळवलेल्या सफरचंदांचा थरांचा केक करणार आहे. तुझ्यासारखा होत नाही, माहीत आहे. हसू नकोस.

नशेच्या गोळ्यांनी नेलेल्या पोरांची नावं यंदाही पुकारणार आहेत. पद्धत तीच. पाद्री एस्टिल नाव घेतात, घरचं कुणीतरी उठून "आमचा" म्हणतं. उठायला कुणी नसेल तर नावच घेत नाहीत. मागच्या वर्षी आमच्या पोरासाठी, ट्रॅव्हिससाठी, डेन्व्हर उठला. 'आमचा' म्हणताना त्याचा आवाज असा फाटला की मी खाली बघत राहिले. तुझ्या जॅरडचं नाव आलं नाही.

परवा चर्चमध्ये बटाटे सोलत होतो, तेव्हा मी विषय काढला. मेव्हिस म्हणाली, "ज्यानं गोळी दिली त्याचंही नाव घ्यायचं का आता?" मी म्हटलं, "मेव्हिस, तोही त्याच गोळीनं गेला. बटाटे सरकव इकडे." तिने सरकवले.

तुला हे सांगायला नको, पण डेन्व्हरला मी पुन्हा पुन्हा सांगते. लाकडाच्या गिरणीत ट्रॅव्हिसची पाठ धरली होती. जॅरडने पाठदुखीची म्हणून त्याला गोळी दिली आणि तसलीच एक स्वतः घेतली. आत फेंटॅनिलचं विष भरलंय हे पोरांना काय ठाऊक! तुझ्याच पडवीत दोघं सापडले, मध्ये अर्ध्यावर टाकलेला पत्त्यांचा डाव. दफनाच्या दिवशी डेन्व्हर तुला म्हणाला, "तुझ्या पोरानं माझं पोर खाल्लं." तू आठवड्याभरात घराला कुलूप लावून गेलीस.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते.

बुधवारी मी एकटीच टेकडीवर गेले होते. ट्रॅव्हिसची कबर माझ्याआधीच कुणीतरी साफ केली होती. गवत मुळापासून काढलेलं, माती ओढून उंचवटा केलेला, कडेने ओढ्यातले पांढरे गोटे. डोक्याशी मोठे, पायाशी लहान. आई लावायची तसे. तिने हे आपल्या दोघींनाच शिकवलं, आणि मी तर लावले नव्हते.

शेजारी जॅरडवर गुडघाभर काटेरी झुडपं.

ट्वायला, इतक्या लांबून गाडी हाकत येतेस, भाच्याची कबर लख्ख करतेस आणि पोटच्या पोराला काट्यांत टाकून परत जातेस? ही शिक्षा तुला कुणी सांगितली? मी तिथेच मातीत बसले आणि तुला मोठमोठ्याने शिव्या घातल्या. मग रडले. मग काटे उपटायला लागले.

मी तुला माफ केलंय असं लिहिणार नाही. काही सकाळी अजून राग येतो, आणि तो कुणाचा हेसुद्धा नीट कळत नाही. पण केकचा सगळ्यात खालचा थर मागून घेणारा तो पोरगा माझ्याही अंगाखांद्यावर वाढला.

जेवताना डेन्व्हरने माझे ओरखडलेले हात पाहिले. "कुठे गेली होतीस?"

"दोघांकडे."

तो उठून गेला. ताट तसंच राहिलं. सकाळी शेडमध्ये पाहिलं तर दोन कुदळींना धार लावून ठेवलेली. एरवी तो एकच काढतो. त्याला गोट्यांचं सांगून मी पत्र लिहायला घेतलं, तेव्हा दारातूनच म्हणाला, "तिला लिही, ओढ्यात उतरू नकोस म्हणावं. गोटे मी आणून ठेवतो. तिचे गुडघे दुखतात."

एवढंच बोलला. तुझं नाव काही घेतलं नाही त्याने.

मी काटे सगळे काढलेत, पण गोटे लावलेले नाहीत. ते तुझे हात लावतील. पाद्रींना जॅरडचं नाव घ्यायला सांगितलंय. तू आली नाहीस तर मी उठेन, मेव्हिसच्या डोळ्यांदेखत उठेन आणि "आमचा" म्हणेन. पण ट्वायला, त्या शब्दावर पहिला हक्क त्याच्या आईचा आहे. मला तुझ्याऐवजी उठायला लावू नकोस.

आपल्या नेहमीच्या डाव्या बाकावर तुझी जागा धरून बसलेली,
तुझी धाकटी
ग्लेना