कडवं पुरं होऊ दे

घाटनांदूर,
२ डिसेंबर २०२५

चि. रोहिणी हिस धोंडीराम गुरुजींचे अनेक आशीर्वाद.

मी बरा आहे. इकडे थंडी पडली. ज्वारी गुडघ्याला लागली, आणि सकाळी ऊन व्हरांड्यात येईपर्यंत आम्ही सगळे म्हातारे कोंबड्यांसारखे अंग चोरून भिंतीशी बसतो.

गुरुवारी तू आमच्या वृद्धाश्रमाच्या तपासणीला आलीस. तुला मॅडम म्हणावं की काय, या विचारात मी होतो, तोवर तू वाकून पाया पडलीससुद्धा. लिंबाखालची शाळा डोळ्यांपुढे उभी राहिली. ओल्या पाटीचा वास, तुझ्या लाल रिबिनी, आणि चौथीतली ती नदीची कविता. शेवटच्या ओळीला तुझा आवाज नेहमी पडायचा.

आमचे संचालक केदारनाथ सकाळीच म्हणाले होते, “गुरुजी, मॅडम तुमच्या हाताखाली शिकलेली हाय म्हनं. एखादी कविता होऊ द्या की. लेकरू लांबून येतंय, जरा बसू द्या.”

माझ्या शेजारच्या खाटेवरचा अण्णाराव लगेच बोलला, “गुरुजींची कविता म्हंजे शाळा सुटल्याची घंटा. ऐकली की मानूस पळतंय.”

त्या दिवशी कुणी पळालं नाही. मी म्हणत होतो, तू ओठ हलवत होतीस. तिसऱ्या कडव्याला तू उठलीस आणि व्हरांड्याच्या टोकाच्या बंद दाराकडे बघून विचारलंस, “गुरुजी, तिकडं काय आहे?”

मी म्हणालो, “बस. आधी कडवं पुरं होऊ दे.”

आणि तू बसलीस. गुरुजी कविता म्हणत असताना तू उठून जाणार नाहीस, हे मला ठाऊक होतं. मग चहा आला, ऊन कललं, तुला अंधार पडायच्या आत अंबाजोगाई गाठायची होती. ‘इथले वातावरण घरासारखे आहे’ असा शेरा देऊन तू गेलीस. शेवटची ओळ या वेळी तू खणखणीत म्हटलीस.

इथंच पत्र संपवावं असं फार वाटतं. कालचा कागद इथंच थांबला होता.

त्या दाराआड छबुबाई आहे. तिचा बजरंग बायकोला घेऊन ऊसतोडीला कर्नाटकात गेलाय. कारखाना बंद होईपर्यंत आईला इथं ठेवलंय. तिला विसर पडतो. लेकाला शोधत ती एकदा डांबरी रस्त्यावर गेली, तेव्हापासून तिचा हात लुगड्याच्या पट्टीनं खाटेला बांधतात. मनगट सोललंय. पडून पडून पाठीला जखमा झाल्यात. त्यांचा वास दाराबाहेर येतो, म्हणून गुरुवारी तिथं उदबत्त्या लावल्या होत्या.

हे मला नंतर कळलं असं समजू नकोस. माझी खाट त्याच भिंतीला लागून आहे. केदारनाथांनी कविता म्हणायला सांगितलं, तेवढंच. ‘बस’ हा शब्द माझा. इथून काढलं तर प्रवीणच्या, माझ्या मुलाच्या, घरात मला जागा नाही, ही भीती आहेच. पण त्या क्षणी तीही आठवली नाही. मला एवढंच वाटलं, की तू ते दार उघडलंस तर कविता अर्ध्यावर राहील.

तू गेल्यावर मी पाणी घेऊन आत गेलो. छबुबाई म्हणाली, “गुरुजी, लई ग्वाड म्हनलं तुमी आज.”

“इथं ऐकू आलं?”

“आलं की. मला पानी पायजे हुतं. हाक मारनार हुते, पर तुमचं चाललं हुतं. मदीच कामून वरडावं?”

मी गाठ सोडली. दिवेलागणीला ती पुन्हा बांधलेली होती. केदारनाथांना विचारलं, तर म्हणाले, “पुन्ना रस्त्याला लागली तर ट्रकखाली जाईल. तुमी राखन करता का?” मी मान खाली घालून परत आलो.

अण्णाराव म्हणाला, “आज तुमच्या कवितेला कुनीच पळालं न्हाई, गुरुजी,” आणि भिंतीकडे तोंड करून निजला.

रोहिणी, न कळवता ये. डॉक्टरला सोबत आण. दिलेला शेरा फिरवलास तर तुला वर जाब द्यावा लागेल. तेव्हा हे पत्र दाखव, माझं नाव झाकू नकोस. फोन केला नाही, कारण तुझा आवाज ऐकला की मी पुन्हा शाळेतच जाऊन बसेन. स्वयंपाकाच्या गीताबाई हे पत्र अंबाजोगाईत पोस्टात टाकतील.

आज सकाळपासून छबुबाईच्या खाटेशी बसून लिहितो आहे. तिचा हात मोकळा आहे. केदारनाथ दारात येऊन गेले. ती मधूनमधून मला कविता म्हणा म्हणते. मी म्हणत नाही.

आलीस की माझ्या पाया पडायला थांबू नकोस. सरळ आत ये.

ज्याने तुला बसवलं तो,
धोंडीराम