पोसक्काचा कागद

९ जुलै
सिरोंच्याकडे बदली होऊन पंधरा दिवस. इथं बायका तेलुगूच बोलतात, आणि मी पोंभुर्ण्याची — एक वाक्य समजेल तर शपथ! आज पोसक्का आली, नदीकाठच्या मासेमारांच्या वस्तीतली. नववा महिना. माझा हात पोटावर दाबून दोनदा म्हणाली, "बिड्डा कदुल्तलेदु." बिड्डा म्हणजे बाळ, तेवढं माहीत होतं. "हो हो, बिड्डा चांगला आहे," म्हटलं. बाळाचे ठोके लागले होते. बाहेर रांग होती. घरी पाठवलं.

१० जुलै
ताराबाई आमच्या दवाखान्यात झाडपूस करतात, त्यांना दोन्ही भाषा येतात. चहा पिताना सहज विचारलं, कदुल्तलेदु म्हणजे काय हो? त्यांनी कप खाली ठेवला.
"पोर हलत नाई म्हनते, सिस्टर. कोन म्हनत होती?"
गाडी पाठवून पोसक्काला आणवलं. ठोके नाहीत.

११ जुलै
मुलगी झाली. मेलेली. डोक्यावर दाट केस. पोसक्कानं मला काहीतरी विचारलं. मला तेही कळलं नाही.

१४ जुलै
मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "लिहून टाक ना, पेशंटनं काई तक्रार सांगितली नाई. कोन विचारून राह्यलं?"
कागदावर तसंच लिहिलं. सहीही केली.
नर्सिंगला असताना मुली माझ्या 'मले-तुले'वर खिदळायच्या. तेव्हा वाटायचं — अगं, मी काय म्हणते ते तर ऐका!

२६ जुलै
ताराबाईंनी आज वस्तीतलं सांगितलं. पोसक्काच्या नवऱ्यानं दवाखान्यातून मिळालेला तो कागद कुणाकडून तरी वाचून घेतला. सासू विचारते, पोर हलत नव्हतं तं सिस्टरले सांगितलं काऊन नाई? तोंड नव्हतं काय? पोसक्का म्हणते, सांगितलं! पण कागदावर सही सिस्टरची आहे — माझी. आता तिला माहेरी धाडणार आहेत.

२७ जुलै
जेवण गेलं नाही.

२८ जुलै
सकाळी खरं झालं ते नव्या कागदावर लिहून डॉक्टरसाहेबांच्या टेबलावर ठेवलं. नोकरीचं व्हायचं ते होवो. मग ताराबाईंना घेऊन वस्तीत गेले. सगळे अंगणात होते. ताराबाईंना बोलू दिलं नाही. रस्ताभर घोकलेलं मीच म्हटलं — "चेप्पिंदी. नाकु अर्थं काले." तिनं सांगितलं होतं. मला कळलं नाही.
मग सासू उठली आणि पोसक्काच्या शेजारी जाऊन बसली.