रॉकेलवरचा जावई

३ एप्रिल २००६, आष्टी

पुन्हा बंद पडला. लाईट सकाळीच गेलेली, दुपारपर्यंत येणार नव्हती. जनरेटर लावला. झकास चालला, अर्धा तास झाला असेल नसेल, आचके द्यायला लागला आणि गप्प. आत कमलचं ऑक्सिजनचं मशीन टीं टीं करून बंद. नळी नाकात, हवा नाही. भिंतीला टेकून बसली बिचारी, ओठ निळसर. मी अंगणात दोरी ओढतोय, ओढतोय. रॉकेल संपलं का म्हणून टाकीचं झाकण उघडून पाहिलं, भरपूर होतं. झाकण लावलं, परत ओढली, लागला. काही झालंच नाही अशा थाटात.

जालन्याचे डॉक्टर म्हणाले होते, लाईट नसली तरी मशीन बंद ठेवायचं नाही. सांगायला त्यांचं काय जातं.

५ एप्रिल

जनरेटरचं नाव जावई ठेवलं. खातो पोटभर, रुसतो रोज.

नामदेवला फोन केला. कमलचा भाऊ, जनरेटर त्याचाच. लग्नात लायटिंगचं काम करायचा तेव्हाचा, धंदा सोडला तेव्हा आमच्याकडे आणून टाकला. म्हणाला, "दाजी, माझ्याकडं कधीच बंद न्हाई पडला. तुम्ही बराबर हाताळत नसताल." मग मुद्द्यावर आला. "ताईला इकडं अंकुशनगरला आणा. कारखान्याची कॉलनी हाये, लाईट जातच न्हाई."

खरं बोलतो, म्हणूनच जास्त राग आला. कमलला सांगितलं तर उठूनच बसली. "भावजयीच्या घरात खाट अडवून पडू का? मी न्हाई जायची. माझं घर हाये हे."

म्हणजे जावई चालायलाच पाहिजे.

७ एप्रिल

परतूरहून सलीम मिस्त्री आला. प्लग घासला, कार्बोरेटर खोलून धुतला, नवीन पाइप टाकला. रॉकेल खाली करून परत भरलं. "सर, बिलकुल नवा करून दिला." चहा होईपर्यंत जावई गुणी लेकरासारखा चालला. सलीमची गाडी वेशीबाहेर गेली असेल, आचके सुरू.

फोन केला तर म्हणतो, "आत्ता तर बराबर चालू राह्यला होता ना?"

९ एप्रिल

रविवार. एक प्रयोग केला. जनरेटर पेट्रोलवर सुरू करून मग रॉकेलवर टाकायचा असतो, पेट्रोलची छोटी टाकी वेगळी. आज रॉकेल दिलंच नाही, नुसत्या पेट्रोलवर चालवला. टाकी संपेपर्यंत एक आचका नाही!

म्हणजे दोष रॉकेलचा. रेशन दुकानात जाऊन भांडून आलो. दुकानदार म्हणे, "गुरुजी, अख्खं गाव ह्याच्यावर सैपाक करतंय." घरी येऊन सगळं रॉकेल कमलच्या जुन्या पातळातून गाळलं. हातांना वास. जेवताना भाकरीलाही वास. पण आज उमेद आहे.

१० एप्रिल

गाळलेल्या रॉकेलवरही तेच. उमेद बिमेद काही नाही.

११ एप्रिल

चौथीची परीक्षा. शाळा घराच्या मागेच, वर्गात जनरेटरचा आवाज येतो. पोरं पेपर लिहितात, मी कान लावून बसतो. आवाज तुटला की पळायचं. मी पळालो की हेडमास्तर माझ्या वर्गात येऊन उभे राहतात. असं किती दिवस चालणार.

आज पळत आलो तर कमल दारापर्यंत सरकत आली होती. श्वासाला शिट्टीसारखा आवाज. डोळे माझ्याकडे. मी दोरी ओढली, झाकण उघडलं, लावलं, ओढली, लागला. मग एक सणसणीत लाथ हाणली जावयाला. अंगठा सुजला. ते बघून कमलला हसू आलं, हसण्यातून खोकला, आणि खोकला थांबेचना. पाठ चोळत बसलो. मीच रडलो. ती नाही.

ही माझ्यासमोर अशी जाईल, आणि मी दोरी ओढत असेन. दुसरं काही डोक्यात येत नाही.

१२ एप्रिल

नामदेवला सांगून टाकलं, रविवारी जीप घेऊन ये. कमल माझ्याशी बोलत नाही.

१३ एप्रिल

सापडलं.

जावई बंद पडला. आज घाईत झाकण उघडलंच नाही, सरळ दोरी. हात गळून गेले, लागेना. शेवटी सवयीने झाकण फिरवलं तर फुस्स करून हवा आत ओढली गेली. मग पहिल्या झटक्यात सुरू. मी तसाच उभा. म्हणजे रोज मी रॉकेल पाहायला झाकण उघडत होतो, म्हणून तो लागत होता! झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं, हवा आत गेली नाही तर रॉकेल खाली उतरत नाही. उजेडात धरून पाहिलं. भोक बुजलेलं. सुईने टोकरलं तर पिवळट काहीतरी निघालं. वास घेतला. कपड्याचा साबण.

कमलला दाखवलं. ती अगदी सहज म्हणाली, "मीच लावल्ता. रॉकेलचा वास खिडकीतून सरळ छातीत जायचा. वाटलं टाकीतूनच येऊन राह्यला. डबा गळला की साबणच लावतो ना आपण? सुकून पडला की परत लावायचे."

"मला सांगायचं नाही?"

"तुम्हाला आधीच काय कमी ताप होता?"

रागवायचं होतं. पण डब्याला, कॅनला, शेजाऱ्यांच्या पिंपालासुद्धा साबण लावून भोक बुजवणारा माणूस मी. मी तरी दुसरं काय केलं असतं. दोघं हसलो. या वेळी खोकला आला नाही.

नामदेवला फोन करून जीप नको म्हणून सांगितलं.

१५ एप्रिल

जावयाला परसात, गोठ्याच्या पलीकडे नेऊन ठेवलं. लांब वायर टाकली. वास येत नाही. लाईट जाऊन परत येईपर्यंत एक आचका नाही. शाळेतून पळावं लागलं नाही. तरी दोनदा येऊन पाहून गेलोच.

१८ एप्रिल

लाईट गेली. जनरेटर लावला, मशीन सुरू. हात धुऊन आत आलो तर खाट रिकामी. नळी उशीवर. कमल बाहेर ओट्यावर, पुढ्यात सुपात भुईमुगाच्या शेंगा.

"नळी काढली का?"

"हां. थोडा येळ राहू द्या अशीच."

"डॉक्टर काय म्हणाले होते?"

"डॉक्टर जालन्यात हायेत." शेंग फोडली, दाणे टाकले, श्वास घेतला. "ते रोज बंद पडायचं तवा मी बसायचेच ना बिनहवेची? तवा जावयाच्या मनानं बसायचे. आज माझ्या मनानं बसते."

ओरडून आत न्यावी तर ओरडण्यानेच धाप लागायची तिला. नेऊ नये तर.

परसात जावई एका सुरात चालू आहे. आत मशीनही. नळी हातात घेऊन दारात उभा राहिलो. तिच्यातून हवा येते आहे, बोटांना गार लागते. कमल एक शेंग फोडते, थांबते, दुसरी उचलते. पाठमोरी बसली आहे, ओठ दिसत नाहीत.