काठोकाठ भरलेले फ्लास्क

शनिवार, १४ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. बाबांचा खोकला कमी झाला हे वाचून बरं वाटलं. मी मजेत आहे. वेळेवर जेवते, म्हणजे जवळजवळ.

ताई, आमचं प्रोटीन लाल झालं!

थांब, नीट सांगते. त्याचं नाव सायटोक्रोम. त्याच्या पोटात हीम असतं, म्हणजे एक चपटं कडं आणि मधोमध लोखंडाचा एकच अणू. आपलं रक्त लाल दिसतं तेही हीममुळेच. पण रक्तातलं लोखंड प्राणवायू वाहतं, हे इलेक्ट्रॉन वाहतं. एकाकडून घ्यायचा, पुढच्याला द्यायचा, स्वतःजवळ ठेवायचा नाही. या देवघेवीवर पेशी जगते. हीम बसलं नाही, तर ते प्रोटीन म्हणजे वात नसलेला दिवा.

आमचं वर्षभर पांढरंफटक येत होतं. शेवटी लॅबच्या मॅडम म्हणाल्या, "ही शेवटची खेप. नाही जमलं तर विषय बंद, आणि तू घरी."

हे प्रोटीन आम्ही जंतूंकडून बनवून घेतो. फ्लास्कात थोडासाच द्रव घालायचा, वर मोकळी जागा ठेवायची आणि यंत्रावर गदागदा हलवायचं, म्हणजे त्यांना भरपूर हवा मिळते. सगळे असंच करतात. पण हे जंतू हीम जोडायचं काम हवा कमी असली की मन लावून करतात. मग आपणच लाड करून त्यांना बिघडवत नाही ना? मी फ्लास्क गळ्यापर्यंत भरले आणि यंत्र अगदी हळू ठेवलं.

लॅबमधले सीनियर बघतच राहिले. "काय गं, उद्या नळाला पाणी नाही वाटतं?"

"आमच्याकडे रिकामं पिंप चालत नाही," म्हटलं.

सोमवारी तळाशी साचलेला गोळा विटेसारखा लाल! काल शुद्ध केलेल्या तपकिरी द्रावणात मी इलेक्ट्रॉन देणाऱ्या पावडरची चिमूट टाकली, तर नळी डोळ्यांदेखत गुलाबी. मग इलेक्ट्रॉन ओढून घेणाऱ्या रसायनाचा थेंब टाकला, पुन्हा तपकिरी. घेतलं आणि दिलं! मॅडमनी चष्मा पुसला. "पुन्हा कर." केलं. मग म्हणाल्या, "पीएच.डी.चा अर्ज भर."

तू विचारतेस, तिथल्या शाळेतली नोकरी एक तारखेपासून आहे, मग निघतेस कधी? मागच्या पत्रातही मी उत्तर टाळलं. बाबा तर आत्तापासूनच मला मास्तरीणबाई म्हणतात.

ताई, मी येत नाहीये. शाळेला काल नकार कळवला.

मी आले की तू शिवणाच्या वर्गाला जाणार होतीस, हे विसरले नाहीये. सुट्टीत महिनाभर मी बाबांजवळ, तू वर्गाला. ठरलं. तू घेतलेलं सगळं मला कसं पुढे दिलंस, यावर मला एक उपमा सुचली होती, पण उपमा दिली की तू चिडतेस.

बाबांना तू काही सांगू नकोस. पुढच्या रविवारी मीच फोन करीन. तू फक्त त्यांच्याजवळ बस. आणि ते रागावलेच, तर विचार त्यांना, पिंप काठोकाठ भरायला हिला शिकवलं कोणी?

तुझी,
मास्तरीण न झालेली
भुंगी